आमदाराचा मदतनीस आणि समितीचा संशोधक

अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थी राज्य विधिमंडळासाठी दोन तऱ्हांनी काम करतात. एक, लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातील इंटर्नशिप. दुसरे, विद्यापीठात राहून केलेले धोरण-संशोधन. दोन्हींत वाचन आणि लेखनच असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते, पण विद्यार्थी कोणाला बांधील असतो, याबाबतीत ती एकमेकांपासून फार दूर आहेत.

इंटर्न एका प्रतिनिधीसाठी राबतो. मतदारांच्या पत्रांना उत्तरे देणे, भाषणाचे मुद्दे काढणे, विधेयकाचा गोषवारा करणे ही कामे तो त्या प्रतिनिधीची भूमिका गृहीत धरून करतो. आपल्याकडील लॅम्प फेलो, म्हणजे खासदाराला संसदीय कामात मदत करणारा तरुण सहायक, हाही एकाच खासदाराशी जोडलेला असतो, तेव्हा घडणीच्या दृष्टीने तो याच बाजूला बसतो.

दुसऱ्या प्रकाराची गरज न्यू हॅम्पशायरमध्ये स्पष्ट दिसते. तेथील कनिष्ठ सभागृहात 400 सदस्य आहेत. 1889पासून त्यांचे मानधन दोन वर्षांच्या मुदतीसाठी 200 डॉलर एवढेच आहे आणि स्वतःचा कर्मचारीवर्ग त्यांना मिळत नाही. तरीही प्रत्येक विधेयकावर जनसुनावणी घ्यावी लागते. हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजच्या रॉकफेलर सेंटरमधील ‘पॉलिसी रिसर्च शॉप’ या राज्याच्या आणि शेजारच्या व्हरमाँटच्या विधिमंडळासाठी संशोधन करते. बर्लिंग्टनच्या व्हरमाँट विद्यापीठातही असाच उपक्रम आहे.

बाटल्यांवर अनामत रक्कम घेण्याचा कायदा करावा का, हा प्रश्न उदाहरणादाखल घेऊ. न्यू हॅम्पशायरला लागून असलेल्या मेन, व्हरमाँट आणि मॅसॅच्युसेट्स या तिन्ही राज्यांत असा कायदा आहे, न्यू हॅम्पशायरमध्ये नाही. कायद्याच्या बाजूने असलेल्या सदस्याचा इंटर्न शेजाऱ्यांच्या यशाचे दाखले गोळा करील, आणि त्यात गैर काही नाही. संशोधक विद्यार्थ्याला मात्र बाटल्या किती प्रमाणात परत येतात याबरोबरच दुकानदारांवर पडणारा भार, परत न नेलेल्या अनामत रकमेचे काय होते आणि सीमेपलीकडून आणलेल्या बाटल्यांचा प्रश्न हेही मांडावे लागते. तो प्राध्यापकांच्या देखरेखीखाली लिहितो, पर्यायांचे परिणाम सांगतो आणि कोणता पर्याय स्वीकारावा हे सदस्यांवर सोडतो. अहवाल सार्वजनिक असल्यामुळे विरोधी सदस्यही त्यातील आकडा उचलू शकतो. समितीपुढे साक्ष देण्याची वेळ आली, तर दोन्ही पक्षांच्या प्रश्नांना त्याच आकड्यांच्या आधारे उत्तरे द्यावी लागतात. विशीतल्या विद्यार्थ्याला ही शिस्त लागणे मला फार मोलाचे वाटते.

या पद्धतीची अडचण वेळेची आहे. डार्टमथचे एक सत्र साधारण दहा आठवड्यांचे असते, तर अधिवेशन जानेवारीत सुरू होते. उद्याच्या चर्चेसाठी मुद्दे हवे असतील तर इंटर्नच कामी येतो. विधेयक आणायचे की नाही हे ठरवायचे असेल, तर प्रश्न आदल्या सप्टेंबरातच हॅनोव्हरला पोहोचलेला बरा.