सलग खोल्यांची रंगसंगती

उघड्या दारांतून, पॅसेजमधून किंवा दाराविना कमानीतून एका नजरेत दिसणाऱ्या खोल्यांचे रंग एकत्र ठरवण्याची पद्धत. खोलीवार शेडकार्ड उघडून रंग निवडले की प्रत्येक भिंत स्वतंत्रपणे बरी दिसते आणि घर मात्र तुकड्यातुकड्यांचे वाटते. कोकणातल्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. चिमूटभर नीळ घातलेला चुना माजघरापासून ओटीपर्यंत एकच असे.

निवडीची सुरुवात मुख्य दारात उभे राहून होते. तिथून हॉल, पॅसेज, बेडरूमची एखादी भिंत आणि स्वयंपाकघराचा कोपरा असे जे जे दिसते, ते एक चित्र मानावे. त्यात न बदलणारी गोष्ट म्हणजे फरशी. आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल्सवर निळसर झाकीचा पांढरा लावला की भिंत गार पडते आणि टाइल्स अचानक पिवळ्या, मळकट दिसू लागतात. शहाबादी फरशीला तोच पांढरा शोभतो. शेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1839 मध्ये सविस्तर मांडले होते. झाक ओळखायला शेडकार्डाचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा. ‘ऑफ व्हाइट’मधला गुलाबी किंवा हिरवा लगेच बाहेर येतो.

उजळपणा मोजायला प्रकाश-परावर्तन मूल्य, म्हणजे रंग किती प्रकाश परतवतो याचा आकडा, वापरतात (काळा 0, पांढरा 100). खिडकी नसलेल्या पॅसेजला 60 च्या खालचा रंग सहसा अंधार करतो. गडद रंग हवाच असेल तर तो पॅसेजच्या टोकाच्या भिंतीला द्यावा, लांब बाजूंना नाही. शेडकार्डावरच्या एकाच कोडचा पूर्ण टिंट (बेसमध्ये, म्हणजे मूळ रंगात, मिसळायचे रंगद्रव्य) हॉलला आणि अर्धा पॅसेजला ही स्वस्त आणि बहुधा जमणारी युक्ती आहे. पण अर्धा टिंट नेहमी अपेक्षेइतका फिका येत नाही, म्हणून आधी नमुन्याचा पॅच पाहावा.

पॅच भिंतीवर मारण्यापेक्षा 2 × 2 फुटांच्या हार्डबोर्डवर प्राइमर आणि रंगाचे दोन हात देऊन, कडेला पांढरी पट्टी सोडून करावा. तो खोल्याखोल्यांतून फिरवता येतो. ओल्या रंगावर निर्णय नको, बहुतेक इमल्शन (पाण्यात मिसळणारे भिंतीचे रंग) वाळल्यावर गडद होतात. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून पाहावे. 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली क्रीम निस्तेज पडतो, 2700 च्या पिवळ्याखाली तोच खुलतो. हॉलमध्ये एक आणि पॅसेजमध्ये दुसरा दिवा असेल तर एकच डबा दोन रंगांचा वाटतो.

खरी गफलत होते ती रंग कुठे थांबवायचा यात. तो आतल्या कोपऱ्यात थांबावा, बाहेरच्या धारेवर नाही: धारेला सामान घासते, टवका उडतो आणि खालचा रंग डोकावतो. हॉल आणि डायनिंगमध्ये फक्त बीम असेल तर बीम छताच्या पांढऱ्यात घ्यावा आणि भिंतीचा बदल कॉलमच्या आतल्या कोपऱ्यात करावा. जोडरेषेसाठी टेप लावताना पहिला रंग पुरता वाळलेला हवा, नाहीतर टेपबरोबर पापुद्रा येतो. टेपच्या कडेवर आधी पहिल्याच रंगाचा पातळ हात मारला की दुसरा रंग खाली झिरपत नाही. शेवटच्या हाताचा रंग ओला असतानाच टेप काढावी.

चमकही जुळवावी लागते. स्वयंपाकघरातल्या धुता येणाऱ्या, किंचित चमकदार सॅटिनचा आणि हॉलमधल्या बिनचमकीच्या मॅटचा कोड एक असला तरी ते वेगळे दिसतात. नव्या प्लास्टरला वाळायला साधारण 28 दिवस द्यावेत, नाहीतर त्यातल्या क्षारांनी रंगाला पांढरे डाग पडतात.

10 × 14 फुटांच्या, साडेनऊ फूट उंच हॉलच्या भिंती 456 चौरस फूट. दारे-खिडक्यांचे 80 वजा केले की 376 उरतात. दोन हातांना लिटरमागे 120 चौरस फूट धरल्यास सव्वातीन लिटरच्या आत भागते, म्हणून चार लिटरचा डबा घ्यावा. एकाच रंगाचे डबे अनेक असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. बॅच बदलली की सलग भिंतीवर फरक कळतो. उरलेला रंग घट्ट झाकून, कोड, बेस आणि बॅच नंबर झाकणावर लिहून ठेवला तर पुढे डागडुजीला तोच वापरता येतो.