गाठीमागचा उजेड

मोबाइलला जोडायचे, खिशात मावणारे सोनोग्राफी प्रोब निघाल्यापासून एक दावा वरचेवर वाचायला मिळतो: हे प्रोब गावोगाव फिरवा, स्तनांचा कर्करोग वेळेत सापडेल, मॅमोग्राफीचं महागडं यंत्र हवंय कशाला? यातला पूर्वार्ध बराचसा पटण्यासारखा आहे. मॅमोग्राफीला क्ष-किरण यंत्र, स्थिर वीज, वेगळी खोली, तंत्रज्ञ आणि चित्र वाचणारा रेडिओलॉजिस्ट लागतो. शिवाय तरुण स्त्रियांच्या स्तनांत दाट ऊती जास्त. मॅमोग्राममध्ये त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. सोनोग्राफीत दाट ऊती उजळ, तर कर्करोगाच्या बहुतेक गाठी काळपट दिसतात.

उत्तरार्धाकडे नंतर येऊ. आधी हे यंत्र पाण्याची गाठ आणि घन गाठ वेगळी कशी ओळखतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

प्रोब साधारण १० मेगाहर्ट्झचा ध्वनी आत सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. किती वेळाने परत आला यावरून खोली कळते. (त्वचेवर जेल लावतात ते मध्ये हवा राहू नये म्हणून, हवेच्या थरावरून जवळजवळ सगळा ध्वनी माघारी फिरतो.)

पण ध्वनी वाटेत विरत जातो. ढोबळ हिशेब असा: दर मेगाहर्ट्झला, दर सेंटिमीटरला अर्धा डेसिबल. म्हणजे १० मेगाहर्ट्झला दर सेंटिमीटर खोलीमागे जाताना ५ आणि येताना ५, एकूण १० डेसिबल. दहा डेसिबल घटले की शक्ती एक दशांश उरते. तीन सेंटिमीटर खोलवरून आलेला प्रतिध्वनी त्यामुळे हजारपट क्षीण असतो. चित्राचा खालचा भाग काळाठिक्कर पडायला हवा! तो पडू नये म्हणून यंत्र उशिरा आलेल्या प्रतिध्वनींना अंतराच्या हिशेबाने ग्रेस मार्क देतं. यात एक गृहीत दडलंय: वाटेत सगळीकडे नेहमीच्याच ऊती असणार.

आता वाटेत एक सेंटिमीटरची पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट आली समजा. द्रवात ध्वनी फारसा विरत नाही. गाठीपलीकडचा प्रतिध्वनी अपेक्षेच्या जवळपास दहापट जोमदार परततो, आणि यंत्र त्यालाही ठरलेले ग्रेस देऊन टाकतं. पडद्यावर सिस्ट काळी दिसते आणि तिच्यामागे लख्ख पट्टा उमटतो. कर्करोगाच्या अनेक गाठींत उलटं घडतं. त्यांच्याभोवती तयार झालेली तंतुमय ऊती ध्वनी शोषते आणि विखुरते. तिथे ग्रेस पुरत नाहीत, मागे सावली पडते. यंत्राचं गृहीत जिथे चुकतं, तिथेच निदानाचा धागा हाती येतो. मला तरी सोनोग्राफीतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अर्थात तेवढ्यावर भागत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या, पेशींनी ठासलेल्या काही कर्करोगी गाठींमागेही उजेड दिसतो. म्हणून गाठीची कड गुळगुळीत आहे की काटेरी, ती ऊतींच्या थरांना समांतर, आडवी वाढलीय की थर भेदून उभी, आत खरंच द्रव आहे का, हेही बघावं लागतं. हे बघणारा हात आणि डोळा तयार व्हायला वेळ लागतो.

आता उत्तरार्ध. जपानमध्ये चाळिशीतल्या सुमारे ७३ हजार स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग सापडत होते. सोनोग्राफीची जोड दिल्यावर ९१. पण त्याच वेळी हजार निरोगी स्त्रियांमागे ‘पुन्हा तपासा’ असं सांगावं लागलेल्या ८६ वरून १२३ झाल्या. जिथे बायोप्सीसाठी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला, महिनोन्महिने थांबावं लागतं, तिथे या जास्तीच्या ३७ जणी खऱ्या रुग्णांच्याच रांगेत उभ्या राहतात. आणि इथे सोनोग्राफी मॅमोग्राफीच्या जोडीला होती, तिच्याऐवजी नव्हती. काही कर्करोगांची पहिली खूण असलेले कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीत सहसा निसटतात.

म्हणून माझ्या मते साधनं तुटपुंजी असतील तिथे प्रोबची खरी जागा हाताला गाठ लागल्यानंतरची आहे. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. (सर्व वयोगट मिळून मात्र फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही.) अशा तपासणीत सापडलेल्या गाठींतून साध्या सिस्ट बाजूला काढणं, हे काम सोनोग्राफी चोख करते. उष्णतेचे रंगीत फोटो काढून ‘रेडिएशनशिवाय कॅन्सर ओळखा’ म्हणणारी थर्मोग्राफी ते करू शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ती मॅमोग्राफीला पर्याय नाही असं वारंवार बजावलंय.

घन गाठ निघाली तर त्याच प्रोबने बघत सुई नेमकी गाठीत घालून तुकडा काढता येतो. ‘सुई लागली की गाठ खवळते, रोग पसरतो’ या समजुतीपायी कित्येक जणी इथेच माघारी फिरतात. त्या भीतीला आधार नाही, उशिराने होणाऱ्या नुकसानाला मात्र भरपूर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात रुग्ण पहिल्यांदा आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं असं उद्दिष्ट आहे. त्यात सोनोग्राफीला लागतो फार तर अर्धा तास. बाकीचे दिवस तुकडा पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचण्यात आणि अहवाल परत येण्यात जातात.