काकवी, खवा आणि एकाच प्लेटवरचे तीन रंग

जस्ताच्या एका प्लेटवर तीन रंग चढवायचे, प्रेसमधून एकदाच काढायचं, आणि कागदावर तिन्ही रंग आपापल्या जागी उमटायचे. याला व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग म्हणतात. स्टॅनली विल्यम हेटरने 1927 साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या अतेलिए 17 या सामाईक कार्यशाळेत, 1950 च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. तिच्यामागे भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कायको मोती यांचा मोठा हात होता.

‘तेलकट शाई घट्ट शाईला ढकलून देते’ असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर दोन्ही शाया तेलाच्याच. ढकलाढकली कुठेच होत नाही. रोलर प्लेटवरून उचलला जातो तेव्हा मधला शाईचा थर फाटतो, आणि फाटतो तो सगळ्यात कमजोर जागी. प्लेटवर आधीच पातळ शाई असेल तर फाटणारी जागा ती पातळ शाईच असते. घट्ट शाई रोलरला चिकटून तशीच परत जाते. क्रम उलटा केला तर पातळ शाई घट्ट शाईवर निमूटपणे बसते आणि रंग एकावर एक चढतात. लग्नपत्रिका छापणारा ऑफसेटवाला याच नियमाने जास्त चिकट शाई आधी लावतो, कारण त्याला रंग एकमेकांवर बसायलाच हवे असतात. इथे नेमकं उलटं हवं असतं.

शायांचा दाट-पातळपणा कोल्हापुरात समजावणं सोपं आहे. पातळ शाई गुऱ्हाळातल्या काकवीसारखी सुरीवरून धारेनं पडावी. घट्ट शाई खव्यासारखी उभी राहावी. एचिंगच्या, म्हणजे रसायनानं खोदलेल्या प्लेटवरून छापायच्या, शाईत जवसाचं तेल थेंबाथेंबानं घालून हे साधतं. पण मे महिन्याच्या दुपारी जमलेलं थेंबांचं गणित ऑगस्टच्या गारव्यात फसतं, म्हणून थेंबांबरोबर खोलीचं तापमानही लिहून ठेवावं.

प्लेट दीडेक मिलिमीटर जाडीची घ्या. तिच्यात वरचा सपाट भाग, मधली पातळी आणि खोल रेषा असे तीन स्तर हवेत. हे स्तर खोदायला नायट्रिक ॲसिडपेक्षा मोरचूद बरं. द्राक्षबागायतदार बोर्डोच्या फवारणीसाठी नेतात तेच. 1 लिटर पाण्यात 75 ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच मीठ. जस्त विरघळतं आणि मोरचुदातलं तांबं लालसर भुकटी होऊन रेषांत साचतं. ती मऊ ब्रशनं झाडत राहिलं नाही तर खोदकाम ठिकठिकाणी थांबतं. वापरलेलं पाणी गटारात, म्हणजे शेवटी पंचगंगेत, ओतू नये. धुण्याचा सोडा घालून साका खाली बसवावा, गाळून वेगळा ठेवावा.

आता रोलर. कडक रोलर फक्त वरचा भाग शिवतो, मऊ रोलर मधल्या पातळीत उतरतो. शाफ्ट उद्यमनगरात लेथवर काढून मिळतो, पण रबर चढवून घेताना नुसतं ‘मऊ द्या’ म्हणू नका. रबराचा कडकपणा मोजायच्या शोअर ए मापावर मऊ 20 ते 25 आणि कडक 50 ते 60, असा आकडा सांगा. रबर नायट्राइलच हवं, साधं रबर तेलानं फुगतं. रोलरचा घेर प्लेटच्या लांबीपेक्षा मोठा असावा: 20 सेंटिमीटरच्या प्लेटला किमान 7 सेंटिमीटर व्यास. लहान रोलर दुसरा फेरा घेतो तेव्हा पहिल्या फेऱ्याचं चित्र प्लेटवर पुन्हा उमटतं. चांगल्या ठशांवर दिसणारा तो भुतासारखा पट्टा बहुतेक वेळा याच कारणाचा असतो.

काम असं चालतं: घट्ट काळी शाई रेषांत भरून खळीच्या जाळीदार कापडानं पुसायची. मग कडक रोलरनं काकवीसारखा रंग, एकाच फेऱ्यात, दाब न देता. लगेच मऊ रोलरनं खव्यासारखा रंग, या वेळी दाबून. मऊ रोलर उचलला की त्याच्यावर वरच्या भागाची तेलकट छाप दिसते. तो पुढच्या ठशाआधी शाईच्या फरशीवर पुन्हा नीट फिरवला नाही तर तिसऱ्या-चौथ्या ठशापासून रंग मळकट होत जातो. वरच्या भागातही घट्ट रंग चिकटला, तर तेल कमी पडलं. मधल्या पातळीत पातळ रंग ओघळला, तर जास्त झालं.

एकट्यानं हे करणं म्हणजे हाल. पुसणाऱ्याचे हात काळे, रोलर धरणाऱ्याचे रंगीत, आणि ओला कागद उचलायला कोरडे स्वच्छ हात लागतात. म्हणून दोघं-तिघं लागतातच, आणि मजाही तिथेच आहे. एकानं खोदलेली प्लेट दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि रंग त्याला ठरवू द्यावेत. ज्यानं खोदलं त्याला रेषा महत्त्वाच्या वाटतात, रोलरवाल्याला मोकळ्या जागा. दोन्ही रंगांची अदलाबदल केली तरी त्याच प्लेटवरून वेगळंच चित्र निघतं. सगळे ठसे एकसारखे आले तर आवृत्तीचे आकडे, म्हणजे एकूण ठशांपैकी हा कितवा, घालावेत. रंग दर वेळी बदलले तर प्रत्येकावर 1/1, म्हणजे एकमेव ठसा, असं लिहावं, आणि सह्या दोघांच्याही असाव्यात.