खाल्लं एक, रंगवलं दुसरंच

दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोच्या सीमेवर ड्राकेन्सबर्गची डोंगररांग आहे. तिथल्या वालुकाश्माच्या कपारींत सान लोकांनी हजारो चित्रं काढून ठेवली आहेत. सान म्हणजे आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडचे मूळ रहिवासी, शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘बुशमन’ म्हटलेलं आढळतं. शिकारी माणूस चित्रात शिकारच काढणार, असं अभ्यासक बरीच वर्षं धरून चालले होते. १९६० आणि ७०च्या दशकांत पॅट्रिशिया व्हिनिकोम्ब आणि डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी एकेका कपारीतली चित्रं अक्षरशः मोजली, तेव्हा हे गृहीतक कोसळलं. या मुलखात विल्डबीस्ट या मोठ्या चरणाऱ्या प्राण्याचे कळप मुबलक होते, पण चित्रांत तो क्वचितच भेटतो. भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो तो इलँड, तोही सगळ्यात जास्त रंग आणि सगळ्यात जास्त मेहनत खर्च करून.

इलँड दिसतो हरणासारखा, पण नात्याने तो आपल्या काळविटापेक्षा नीलगाईला आणि गाईला जवळचा. मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो. बहुतेक हरणांत चरबी मादीच्या अंगावर जास्त असते, इलँडमध्ये नराच्या. सान लोकांसाठी ही चरबी नुसतं खाद्य नव्हतं. मुलाची पहिली मोठी शिकार, मुलीची पहिली पाळी, लग्न, या सगळ्या प्रसंगी इलँड हजर असे. कालाहारीच्या वाळवंटात मुलगी पहिल्यांदा ‘बसली’ की बायका इलँडच्या माद्यांसारखं नाचत, हे विसाव्या शतकातही अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

पण चित्रं काढणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे आपल्याला कळणार कसं? इथे दोन नोंदी नशिबाने हाती लागल्या. पहिली १८७३ सालची. जोसेफ ऑर्पेन हा ब्रिटिश अधिकारी लेसोथोतल्या मालोटी डोंगरांतून चालला होता. वाटाड्या होता क्विंग नावाचा तरुण सान. वाटेत लागलेली चित्रं ऑर्पेन उतरवून घेई आणि क्विंगला अर्थ विचारी. क्विंगने सांगितलं की सगळं काग्गेनने, म्हणजे त्यांच्या देवाने, निर्माण केलं. तो आहे कुठे, असं विचारल्यावर उत्तर आलं: आम्हाला ठाऊक नाही, पण इलँडना ठाऊक आहे.

दुसरी नोंद त्याच दशकातली, केपटाउनची. विल्हेल्म ब्लीक हा जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि त्याची मेहुणी ल्युसी लॉइड यांनी तुरुंगातल्या काही सान कैद्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि त्यांची खाम भाषा, त्यांच्या गोष्टी लिहून काढायला सुरुवात केली. ब्लीक १८७५ मध्ये वारला. लॉइड पुढे लिहीत राहिली. सुमारे बारा हजार पानांच्या या वह्या युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. खाम भाषा बोलणारं आता कोणी उरलेलं नाही, त्यामुळे त्या वह्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

या गोष्टींत काग्गेन कधी माणूस, कधी प्रार्थनाकीटक, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा किडा. बायको हायरॅक्स, म्हणजे खडकांत राहणारा सशाएवढा प्राणी, मानलेली मुलगी साळिंदर, नातू मुंगूस. कुटुंब मोठं मजेदार आहे. काग्गेन जावयाचा जोडा पाणवठ्यात टाकतो आणि त्याचा इलँड होतो. काग्गेन त्याला मध चोळून वाढवतो. घरी मध येईनासा होतो, तेव्हा मुंगूस पाळत ठेवतो आणि बिंग फुटतं. घरचे इलँडला मारतात. रडत आलेला काग्गेन इलँडचं पित्ताशय फोडतो, आतून काळोख बाहेर येऊन सगळीकडे पसरतो. मग तो एक पीस आभाळात फेकतो, त्याचा चंद्र होतो. म्हणजे ज्याने इलँड घडवला, त्याला न विचारता माणसांनी तो खाल्ला. शिकाऱ्याच्या पोटातली ही टोचणी मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता ड्राकेन्सबर्गच्या कामबर्ग खोऱ्यातल्या गेम पास कपारीतलं चित्र पाहा. विषारी बाण लागलेला इलँड मरायला टेकला आहे: मान खाली, केस उभे, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. त्याची शेपटी धरून एक माणूस उभा आहे. त्याचेही पाय तसेच अडकलेले आणि पावलांच्या जागी खूर. लुइस-विल्यम्स यांचं म्हणणं असं, की हा शिकारीचा प्रसंग नव्हे. रात्रभर चालणाऱ्या नाचात सान वैदू भान हरपतो, थरथरतो, घामाने निथळतो, कधी नाकातून रक्त येतं, शेवटी कोसळतो. मरणाऱ्या इलँडचीही हीच लक्षणं. प्राण्याची शक्ती माणसात उतरते आहे, ते हे चित्र.

हा अर्थ इतका गाजला की पुढे प्रत्येक चित्राला तो लावला जाऊ लागला, आणि तिथे जरा थांबावंसं वाटतं. अ‍ॅन सॉलोमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी हरकत घेतली, की क्विंगने हरणाच्या डोक्याच्या माणसांबद्दल ‘मेलेली आणि आता नदीत राहणारी माणसं’ असं स्पष्ट सांगितलं होतं. मग तिथे वैदू कशाला शोधायचा, पूर्वज का नकोत? शिवाय खाम लोक राहत होते ते ड्राकेन्सबर्गपासून शेकडो किलोमीटर दूर. दोन्हीकडे काग्गेन आणि इलँड यांची जोडी सापडते हा भक्कम दुवा आहे, पण सगळं ओझं त्याच्यावर टाकता येत नाही.

भान हरपण्याच्या चर्चेत एक गोष्ट मात्र मागे पडली: या माणसांची प्राण्यांवरची नजर. नामिबियाच्या डोरो नावास डोंगरांत खडकावर प्राण्यांचे ठसे कोरलेले आहेत. पुरातत्त्वज्ञांनी अशा ठशांकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं, कारण खुरावरून नाव सांगणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. एका जर्मन गटाने कालाहारीतल्या तीन सान मागकाढ्यांना तिथे नेलं. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचशेहून अधिक कोरीव ठसे या मागकाढ्यांनी तपासले आणि नव्वद टक्क्यांहून जास्त ठशांबद्दल प्राणी कोणता, नर की मादी, वय साधारण काय आणि पाय नेमका कोणता, हे सगळं सांगितलं. दगडात इतका तपशील उतरवणारा माणूस अंदाजाने कोरत नव्हता.

इथेही निवड होतीच. पिल्लांपेक्षा प्रौढ जनावरांचे ठसे जास्त, माद्यांपेक्षा नरांचे जास्त. शिवाय त्याच भागातल्या प्राणिचित्रांत दिसतात त्याहून अधिक जाती ठशांत आढळतात. नरच का, हा प्रश्न कपारीतल्या इलँडइतकाच अवघड आहे, आणि या खडकांपाशी कोणा ऑर्पेनने कोणा क्विंगला विचारून ठेवलेलं नाही.