‘आयाळ’: घोड्याबरोबर आलेला शब्द

‘केसाळ’, ‘रसाळ’ यांच्या शेजारी ‘आयाळ’ ठेवला की तो घरचाच वाटतो. शेवटचा ‘-आळ’ ओळखीचा आणि अर्थही केसांचा, त्यामुळे मूळ संस्कृतात शोधायचा मोह होतो. पण हा प्रत्यय विशेषणे घडवतो. ‘आयाळ’ नाम आहे, आणि ‘-आळ’ काढल्यावर उरलेल्या ‘आय’चा केसांशी काही मेळ बसत नाही. शब्द फारसी ‘याल’चा आहे. त्याचेच ‘अयाल’ हे रूप हिंदी-उर्दूत चालते.

खरा पेच आहे तो ‘ळ’चा. वकील, दलाल, हमाल, मशाल, बहाल, नाल या अरबी-फारसी शब्दांनी मराठीत ‘ल’ टिकवला. आयाळीने तो सोडला. ‘केसाळ’सारख्या शब्दांच्या ओढीने उच्चार वळला, हे स्पष्टीकरण सर्वांत पटण्याजोगे आहे. ‘ळ’ आहे म्हणून शब्द देशी, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

दुसरी गफलत लिपीमुळे होते. उर्दूतल्या ‘अहल-ओ-अयाल’मधला अयाल म्हणजे बायकामुले, आश्रित कुटुंब. तो अरबी शब्द ‘ऐन’ या अक्षराने सुरू होतो, केसांचा अयाल ‘अलिफ’ने. देवनागरीत हा फरक पुसला जातो आणि दोन्ही एकसारखे दिसतात. त्यामुळे नुसत्या देवनागरी रूपावरून व्युत्पत्ती लावणारा हमखास फसतो.

मराठी कोशांतली नोंद बहुधा ‘फारसी’ एवढ्यावर थांबते. ते अपुरे आहे. तुर्कीत ‘येले’, तातारीत ‘याल’, कझाखमध्ये ‘झाल’, मंगोलियनमध्ये ‘देल’ हे सगळे आयाळीचेच शब्द. फारसीने तो तुर्की भाषांकडून घेतला असे मत आहे; त्यावर वाद असला तरी घोडेस्वारांच्या गवताळ प्रदेशात शब्दाचा एवढा दाट पसारा आहे की हे मत डावलता येत नाही. कझाख ‘झाल’ म्हणजे आयाळ, आणि आयाळीखालच्या मानेच्या कण्यावरची चरबीसुद्धा. ती तिथे आवडीने खातात. 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यात तर वीर पुरुषाच्या मानेलाही ‘याल’ म्हटले आहे. म्हणजे शब्दात केसांबरोबर मानेचा उंचवटाही होता. मराठीने फक्त केस ठेवले.

दख्खनमध्ये तो आला तबेल्याच्या वाटेने, असे मानायला पागेची परिभाषाच पुरेशी आहे: लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तंग, तोबरा, दुमची, चाबूक, खुद्द ‘पागा’. शिवकाळात राज्यव्यवहारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश झाला, पण लगाम आणि रिकीब लोकांच्या तोंडून हलले नाहीत.

संस्कृतात आयाळीला ‘केसर’ आणि ‘सटा’ असे शब्द होते. केसर असलेला तो केसरी, म्हणजे सिंह. फुलातल्या तंतूंनाही केसरच म्हणत. त्यावरून मसाल्याचे केशर आणि केशरी रंग. म्हणून कुस्तीच्या किताबातला ‘केसरी’ ‘श’ने लिहिणे चूक आहे, तो सिंह आहे, रंग नव्हे.

आज ‘आयाळ’ म्हटले की आधी सिंह आठवतो. गीरच्या नराची आयाळ आफ्रिकी सिंहापेक्षा विरळ असते, कान स्पष्ट दिसतात. सिंहाची आयाळ नर-संप्रेरकावर वाढते. खच्ची केलेल्या सिंहाची झडते. घोड्यात नर-मादी दोघांनाही असते, कानांमधून निघून मानेच्या कण्याने खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, आणि बहुधा एका बाजूला पडते. झेब्र्याची आखूड आणि ताठ.

शब्द स्त्रीलिंगी आहे: ती आयाळ, दाट आयाळ, आयाळीत, आयाळीला. ‘आयाळ गळाला’ असे अलीकडे भाषांतरांत दिसते. ‘आयाळ गळाली’ असेच हवे.