दोन बोटांची फट

गेल्या पावसाळ्याआधी गाडीचं पुढचं चाक ट्रॉली जॅकवर, म्हणजे लहान चाकांवर सरकणाऱ्या आणि तेलाच्या दाबाने गाडी उचलणाऱ्या जॅकवर, उचललं, खाली लोखंडी स्टँड सरकवला आणि मुद्दाम स्टँडच्या डोक्यात आणि गाडीत दोन बोटांची फट ठेवली. रात्रभर ते तसंच राहू दिलं. सकाळी पाहतो तर फट नाही, गाडी निवांत स्टँडवर टेकलेली. जॅकखाली तेलाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. मग जॅक उतरला कसा?

यासाठी जॅकच्या पोटात डोकवावं लागतं. तिथे एक बारीक दट्ट्या असतो आणि एक जाड. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितलं. समजा बारीक दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि जाड ३६ मिलिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, म्हणून जोरही नऊपट. दांड्याच्या तरफेने आणखी पंधरापट मिळतो. मात्र जाड दट्ट्या गाडी उचलणाऱ्या हाताला बिजागरीच्या जवळ ढकलतो, तिथे जोर साधारण पाचपट घटतो. हिशेब केला तर ३०० किलोंचा भार उचलायला आपल्या हाताला जेमतेम ११ किलोंचा जोर लावावा लागतो. घर्षणामुळे थोडा जास्त धरा. फुकट मात्र काही मिळत नाही: दांडा ५० सेंटिमीटर दाबला की गाडी दोन सेंटिमीटरही वर जात नाही.

१७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. त्याची मोठी अडचण होती दट्ट्याच्या कडेने होणारी गळती. त्यावर वाटीच्या आकाराचं चामडी सील हा उपाय निघाला. दाब वाढेल तशी वाटीची कड भिंतीला अधिकच घट्ट चिकटते. आजच्या जॅकमधलं रबरी सील याच युक्तीचं.

बाहेरची गळती सील रोखतं. आत मात्र तेल परत टाकीत जाण्याची वाट एक छोटी पोलादी गोळी अडवून धरते. तिच्या बैठकीत केसाएवढा कण अडकला तरी तेल झिरपत राहतं, बाहेर थेंब न सांडता. माझी दोन बोटांची फट तिथेच गेली असावी. म्हणून माझं ठाम मत आहे की जॅक फक्त उचलण्यासाठी, गाडी धरून ठेवायला स्टँडच हवा. जॅक घेताना स्टँडची जोडी त्याच बिलात घ्या, पैसे कमी पडले तर जॅक साधा घ्या. स्टँडऐवजी विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक कधीही नकोत, ते आधी न सांगता फुटतात.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती टनाचा?’ ९०० किलोंच्या छोट्या गाडीत इंजिन पुढे असल्याने पुढच्या एका चाकावर पावणेतीनशे किलोंच्या आसपास भार येतो. दोन टनाचा जॅक अशा गाडीला पुरून उरतो. खरी अडचण उंचीची. टायर बसलेला असताना जॅकचं डोकं गाडीखाली शिरलं पाहिजे आणि उचलल्यावर चाक जमिनीवरून सुटलंही पाहिजे. बॉडी वर जाऊ लागली की दबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि चाक खाली लोंबतं, त्यामुळे बॉडी बरीच वर आली तरी चाक जमिनीलाच टेकलेलं असतं. उंच एसयूव्हीला हे फार जाणवतं. म्हणून आधी टेप घेऊन जॅक लावायच्या जागेची उंची मोजा. ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. भलत्या जागी लावाल तर पत्रा चेपेल.

जॅकच्या चाकांचीही एक गोष्ट पाहून घ्या. उचलणारा हात कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकचं डोकं वर जाताना मागेही सरकतं. तेवढा जॅक गाडीखाली पुढे घरंगळला नाही तर डोकं गाडीवरून निसटू शकतं. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत लहान चाकं हमखास अडकतात. सपाट काँक्रीट नसेल तर खाली जाड लोखंडी पत्रा टाका. उतारावर जॅक लावूच नका. हँडब्रेक ओढा, आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग उरत नाही.

दांडा दाबताना स्पंजासारखा लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे. तेल जवळपास दबत नाही, हवा दबते. हवा काढायची रीत जॅकच्या कागदात दिलेली असते. तेल हायड्रॉलिक जॅकचंच घाला. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं, त्याने सील फुगून खराब होतं.

मी माझ्या जॅकचं तेल बदललं. जुनं तेल पांढऱ्या वाटीत काढलं, तेव्हा तळाशी चमकणारी बारीक धूळ बसली होती. पुन्हा तोच प्रयोग केला. सकाळी फट एका बोटाची उरली होती. स्टँड होताच.