तारेतून जातो तो सांगावा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर नवरात्रीच्या आधी महिनाभर रेकॉर्डिंग चालतं. भाचा गिटार वाजवतो, मी कॉम्प्युटर सांभाळतो. यंदाच्या गरब्यात धृपदाला गिटार अगदी स्वच्छ हवी होती, अंतऱ्याला डिलेने, म्हणजे मागोमाग येणाऱ्या प्रतिध्वनीने, भरलेली आणि ढोल चढला की डिस्टॉर्शनसकट, म्हणजे फाटक्या आवाजाची. एवढी उलथापालथ नेमकी समेवर करायची, तीही वाजवता वाजवता, तर बोटांवरचं लक्ष पायाकडे जातं आणि वादन बिघडतं. म्हणून पेडल, म्हणजे गिटारचा आवाज पालटणारी पायाने दाबायची पेटी, चालवायचं काम आम्ही रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर सोपवलं. हे काम होतं मिडीमुळे, म्हणजे वाद्यं, पेडल आणि कॉम्प्युटर एकमेकांना हुकूम देतात त्या भाषेमुळे.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं. बडोदेकरांना हे पटकन उमगेल. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने इथे गायनशाळा काढली आणि शिकवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी वापरली. स्वरलिपीच्या कागदाला कान लावला तर काही ऐकू येत नाही. कोणता स्वर, कधी, किती वेळ, एवढंच त्यावर असतं, गळा गाणाऱ्याचा. मिडीही तसंच. गिटारचा सूर आपल्या जाड केबलमधून पेडलमध्ये जातो, आणि त्या सुराचं काय करायचं हा सांगावा वेगळ्या तारेने येतो.

हा सांगावा जवळून पाहण्यासारखा आहे. समजा, तीन नंबरच्या चॅनलवरच्या पेडलचा २० नंबरचा नॉब मधोमध आणायचा आहे. तारेतून तीन बाइट, म्हणजे आठ-आठ बिटांचे (० किंवा १ चे) गट जातात: १०११००१०, ०००१०१००, ०१००००००. पहिल्या बाइटच्या सुरुवातीचा १ म्हणतो, नवा हुकूम आला. पुढचे ०११ म्हणतात, नॉब फिरवायचा आहे. याला कंट्रोल चेंज म्हणतात. उरलेले चार बिट चॅनल सांगतात. त्यांची मोजणी शून्यापासून, म्हणून ००१० म्हणजे तिसरा. दुसऱ्या बाइटमध्ये नॉबचा नंबर, २०. तिसऱ्यात तो किती फिरवायचा ते, ६४. हुकमाच्या बाइटशी गल्लत होऊ नये म्हणून या दोन्ही बाइटांचा पहिला बिट कायम ० ठेवतात. मग हातात सात बिट उरतात आणि सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे बसतात. मिडीत जिकडेतिकडे १२८ भेटतो तो यामुळे.

मिडीचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. आगेमागेचे खुणेचे बिट धरून एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणजे वरचा हुकूम ०.९६ मिलिसेकंदात पोचतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम ३३ सेंटिमीटर जातो. भाचा अँप्लिफायरपासून एक पाऊल मागे सरकला, तर त्याला याहून जास्त उशीर सोसावा लागतो! हा वेग १९८३ पासून तोच आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलिफोर्नियात नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले होते. या कंपन्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन ठरवलेली भाषा चाळीस वर्षांनंतरही चालते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता १२८ पायऱ्यांची अडचण. डिले ० ते १,००० मिलिसेकंदांचा असेल, तर एक पायरी जवळपास आठ मिलिसेकंदांची पडते. गरब्याची लय चढत जाते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची, १५० ला ४०० ची. मधल्या प्रत्येक लयीला पायरी अचूक सापडेलच असं नाही, आणि प्रत्येक पुनरावृत्तीत चूक साठत जाते. म्हणून डिलेची वेळ नॉबच्या हुकमाने बदलूच नये. सॉफ्टवेअरमधून मिडी क्लॉक सोडावं. ते प्रत्येक मात्रेला २४ ठोके पाठवतं आणि पेडल त्यावरून स्वतः लय धरतं. डिलेचा आवाज कमीजास्त करायला, रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्यासारखी घुमण, हळूहळू वाढवायला मात्र १२८ पायऱ्या पुरतात.

पूर्ण प्रीसेट, म्हणजे पेडलमध्ये साठवलेली आवाजाची ठेवण, बदलायचा हुकूम वेगळा, प्रोग्रॅम चेंज. तिथेच आम्ही फसलो. स्वच्छ आवाजाचा प्रीसेट पेडलवर १२ नंबरला होता, मी सॉफ्टवेअरमध्ये १२ लिहिलं, आणि धृपद सुरू होताच गिटार कर्कश फाटली. भाचा ओरडला, "मामा, मी पाय लावलासुद्धा नाही!" केबल बदलण्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की सॉफ्टवेअर १ पासून मोजत होतं, म्हणून तारेतून ११ गेला. पेडल ० पासून मोजत होतं, त्याने आपला ११ नंबर उचलला. तेव्हापासून मी नवीन पेडल जोडलं की आधी एक नंबर पाठवतो आणि पेडलवर काय उमटतं ते वहीत लिहून ठेवतो. शिवाय प्रीसेट चढायला क्षणभर लागतो, तेव्हा हुकूम समेवर न ठेवता तिच्या जरा आधी, गिटार थांबलेली असताना ठेवावा.

जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, त्यामुळे गुणगुण हा आमचा नेहमीचा त्रास. पाच पिनांच्या मिडीत त्यावर फार सुंदर तोड आहे. घेणाऱ्या पेडलमध्ये एक छोटा एलईडी लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक ते वाचतो. सांगावा प्रकाशातून जातो, दोन यंत्रांची वीज एकमेकींना शिवत नाही. पेडल थेट यूएसबीने जोडलं तर हा आडपडदा नसतो आणि लॅपटॉपच्या चार्जरची किणकिण गिटारमध्ये उतरू शकते. छोट्या पेडलांना हेडफोनसारखी मिडीची पिन असते. तिच्यात ए आणि बी असे दोन प्रकार असून दोन तारांची अदलाबदल असते. चुकीची केबल लावली की पेडल गप्प राहतं.

शेवटच्या दिवशी आम्ही भाच्याची कोरी, इफेक्टशिवाय रेकॉर्ड केलेली गिटार इंटरफेसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या आवाजाच्या पेटीतून, परत बाहेर काढली आणि रीअँप बॉक्समधून, म्हणजे सिग्नल पुन्हा गिटारच्या पातळीला आणून, पेडलांत सोडली. भाचा खिडकीत बसून नुसता ऐकत होता. जमिनीवरच्या डिलेचा दिवा अंतऱ्याच्या अर्धी मात्रा आधी आपोआप पेटला.